हिमगाडीचा मागला सांगाडा

इ. स. १९३४ च्या हिवाळ्यातील गोष्ट. कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे एक छोटे गाव आहे. रस्ते, शेते, कुंपणे सारी बर्फाखाली एक झाली होती. अशा दिवसांत तेथील यंत्रकारागीर जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रुग्णालय शेरब्रुक शहरात, सुमारे ५० किलोमीटरांवर. आणि मोटार तर दारातून हलेना. बर्फावरून धावणारे वाहन बनविण्याचा ध्यास बॉम्बार्डिए यांनी लहानपणापासून घेतला होता. १९२२ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी मोटारीचे इंजिन आणि विमानासारखा पंखा लावून एक घसरगाडी चालवूनही दाखविली होती. त्यांच्या कार्यशाळेत प्रयोग चालूच होते. परंतु त्या घडीला निघण्याजोगे वाहन एकही नव्हते. मूल दगावले.

त्या दुःखातही त्यांनी काम सोडले नाही. दातेरी चाकांनी फिरणारा रबरी पट्टा त्यांनी सिद्ध केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट मिळविले. त्या पट्ट्यावर धावणाऱ्या त्यांच्या मोठ्या गाड्यांनी पुढे शाळेची मुले, टपाल आणि आजारी माणसे वाहून नेली. १९५९ साली त्यांनी एकदोन माणसांपुरती लहान, उघडी गाडी बाजारात आणली. तिच्या जातीच्या गाडीला स्नोमोबाईल म्हणतात. आपण तिला हिमगाडी म्हणू.

हिमगाडीला पुढे वळण्यासाठी दोन स्की असतात आणि मागे रुंद रबरी पट्टा. बैठकीखाली बोगद्यासारखी पोकळी असते. तीत हा पट्टा फिरतो. पट्ट्याच्या वेढ्याच्या आत एक लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा बसविलेला असतो. त्यात दोन समांतर रूळ, लहान चाके, स्प्रिंगा आणि धक्के शोषणारे शॉक-ॲब्सॉर्बर असतात. हेच गाडीचे मागले सस्पेन्शन. स्वाराचे निम्म्याहून अधिक ओझे आणि बर्फावरचा प्रत्येक हिसका हा सांगाडा सोसतो. पुष्कळ गाड्यांत तो अवघ्या चार बोल्टांनी गाडीला जखडलेला असतो: दोन पुढे, दोन मागे.

बर्फ, पाणी आणि चिखल यांमुळे त्याचे सांधे कोरडे पडतात, रुळांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजतात. म्हणून शरद ऋतूत, बर्फ पडण्यापूर्वीच, पुष्कळ लोक सांगाडा घरीच उतरवितात, साफ करतात, वंगण देतात आणि पुन्हा बसवितात. उतरविणे सोपे, बसविणे मात्र माणसाची परीक्षा पाहते.

समजा, क्वेबेकमधील एका घरी बाप आणि त्याची बारा वर्षांची मुलगी हे काम करीत आहेत. उतरविताना निघालेले प्रत्येक नळकांडे आणि वायसर मुलीने त्याच क्रमाने एका फळीवर मांडून ठेवले आहे. ही सावधगिरी क्षुल्लक नव्हे. सारे बसवून झाल्यावर फळीवर एक वायसर शिल्लक दिसला, तर अर्धा दिवस फुकट गेलाच म्हणून समजावे.

प्रथम पट्टा ताणणारे मागचे दोन बोल्ट सैल केले जातात. गाडीच्या टाकीत इंधन अगदी थोडे ठेवून तिला पुठ्ठ्यावर एका कुशीवर निजवितात. मुलगी पट्टा बाहेर ओढून त्याचा वेढा उघडा धरते आणि बाप सांगाडा आधी पुढच्या बाजूने आत सरकवितो. येथे बळ करून चालत नाही. स्प्रिंगा दाबलेल्या असल्या तर हात निसटताच बोटे चिरडतील. म्हणून आंधळेपणाने छिद्रात बोट घालायचे नाही, सळई घालून पाहायचे. पुढचे छिद्र जुळले की बोल्ट आधी हाताने दोनचार आटे फिरवितात. तो तिरपा शिरला आणि पान्याने रेटला, तर आटे कायमचे जातात. नंतर गाडी उभी करून, आवळपट्ट्याने सांगाडा दाबून मागची छिद्रे जुळवितात. चारही बोल्ट बसल्यानंतरच ते कसतात. दोन बाजूंचे बोल्ट एकाच दांड्यात शिरलेले असतील, तर एक कसताना दुसरा सैल होऊ शकतो. तेव्हा दोन्हींवर लक्ष हवे. किती कसावे हे गाडीच्या पुस्तिकेत आकड्यांत दिलेले असते आणि तेवढेच मोजून कसणारा पाना मिळतो. 'माझ्या हाताला कळते' असे म्हणणारे कारागीर सर्वत्र भेटतात. त्यांच्या हातावर विश्वास ठेवावा. पण आकडाही पाहावा.

आता पट्टा ताणायचा. सायकलची साखळी सैल असली तर दात सुटतो आणि फार ताणली तर पायडल जड होते, येथेही तसेच. सैल पट्टा दातेरी चाकावरून उड्या मारतो, ताठ पट्टा इंजिनाची शक्ती खातो. रुळाच्या मध्यभागी, पट्ट्यावर ठरावीक वजन टांगून तो किती खाली येतो ते मोजतात. मग दोन्ही बाजूंचे ताणबोल्ट थोडे थोडे, सारखे फिरवितात.

शेवटी पट्टा सरळ धावतो की नाही ते पाहायचे. गाडीचा मागचा भाग अधांतरी घेऊन इंजिन क्षणभर हळू चालवितात, मग बंद करतात. पट्टा आपोआप थांबला की रूळ आणि पट्ट्याच्या कडा यांतील अंतर दोन्हीकडे सारखे आहे का ते बघतात. पिठाच्या गिरणीचा पट्टा चाकावरून एकीकडे सरकत जातो, तसाच हाही सरकतो. ज्या बाजूला सरकेल, त्याच बाजूचा ताणबोल्ट किंचित कसायचा. या वेळी गाडीच्या मागे कोणीही उभे राहायचे नाही. फिरता पट्टा दगड किंवा बर्फाचा तुकडा गोळीसारखा फेकू शकतो. थंडी कितीही असो, गॅरेजचे दार उघडेच हवे. कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. इंजिन फार वेळ चालवायचेही नाही. रुळांखालच्या प्लास्टिकला वंगण लागते ते बर्फाचेच. कोरड्यात ते तापून वितळते.

पहिले बर्फ पडले की बाप गाडी घेऊन घराभोवतीच्या शेतात थोडी फेरी मारतो आणि परत येतो. इंजिन बंद झाल्यावर मुलगी पाना घेऊन बर्फात गुडघे टेकते आणि चारही बोल्ट पुन्हा एकदा तपासते. डावीकडचा मागचा बोल्ट पाव फेरा आणखी फिरतो.