न धरलेला वेग

चि. सोनूस,


ऐन वेळी समोरचा आकडा मानायचा की अनुभवी माणसांचा शब्द, हा तुझा प्रश्न बेंगळुरूच्या इस्रोला जुनाच आहे.

१० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्यात एसएलव्ही-३ हे प्रक्षेपक यान उड्डाणाला सज्ज असताना संगणकाने उलटी मोजणी थांबवली. नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. सोबतच्या तज्ज्ञांनी हिशेब मांडला: इंधनाचा साठा पुरेसा आहे, जाऊ द्या. मोहिमेचे प्रमुख अब्दुल कलाम यांनी संगणकाला बाजूला सारून यान सोडले. पहिला टप्पा नीट चालला, दुसरा भरकटला आणि यान बंगालच्या उपसागरात पडले. पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. पुढच्या जुलैत यश आले, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. असा वरिष्ठ पाठीशी असला की माणूस शंका मोकळेपणी बोलतो.

पण यावरून ‘यंत्राचेच ऐकावे’ असे ठरवू नकोस.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे बेंगळुरूच्या इस्ट्रॅक या नियंत्रण केंद्रातली माणसे फक्त पडद्याकडे पाहू शकत होती. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर स्वतःच निर्णय घेत उतरत होता. काय चुकले ते इस्रोचे नंतरचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी पुढे उलगडून सांगितले. पाच इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, त्यातून चुका साचत गेल्या. त्या निस्तरायला यानाला झपाट्याने वळायचे होते, पण इतका वेग कोणी गृहीत धरलाच नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरने वळण्यावर मर्यादा घातलेली होती. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर. ती गाठण्याच्या धडपडीत यान जमिनीजवळ आले तरी वेग वाढवतच राहिले. दिलेल्या नियमांप्रमाणे ते वागत होते; नियमांना ती परिस्थितीच ठाऊक नव्हती.

चांद्रयान-३ च्या वेळी काय काय बिघडू शकते, इथूनच आखणीला सुरुवात झाली. जागा सुमारे ४ किमी बाय २.४ किमी केली, इंधन वाढवले, पाय भक्कम केले. २३ ऑगस्ट २०२३ ला, रशियाचे लूना-२५ चंद्रावर आदळल्यानंतर चारच दिवसांनी, विक्रम अलगद उतरला. केवढे दडपण असेल त्या संध्याकाळी! पण अवघड निर्णय कित्येक महिने आधीच, शांत डोक्याने घेऊन झाले होते.

तूही तेच कर: तुझ्या मॉडेलमध्ये ‘असे होणारच नाही’ म्हणून कुठे कुठे मर्यादा घातल्या आहेत, त्यांची यादी पुढच्या रिलीजआधी कर. त्यातली एखादी ओलांडली गेली तर काम कोणी थांबवायचे, तेही नावानिशी लिही. मग मला पाठव.

तुझा,
मामा