कानाआड केलेलं कुठं जातं?

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. टीव्ही चालू असला तरी तिथेच बसून अभ्यास करतो. म्हणतो, "माझं लक्षच नसतं तिकडे." लक्ष नसलं की ते मनात शिरतच नाही का? (एक पालक, सांगली)

उत्तर : शिरतं. शिरतं म्हणूनच मनाला ते बाजूला ठेवावं लागतं.

आधी याची सोपी बाजू पाहू. एखादा शब्द वाचला की त्याचे सगेसोयरेही मनात जागे होतात. १९७१ मध्ये मेयर आणि श्वानेवेल्ट यांनी दाखवलं, की 'नर्स' वाचल्यावर 'डॉक्टर' हा शब्द लवकर ओळखता येतो; 'ब्रेड' वाचल्यावर तेवढा लवकर नाही. याला प्रायमिंग म्हणतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र स्टीव्हन टिपर यांच्या १९८५ च्या प्रयोगात आहे. एकावर एक काढलेली दोन रेखाचित्रं, एक लाल, एक हिरवं. लाल चित्रातली वस्तू ओळखून नाव सांगायचं, हिरव्याकडे बघायचं नाही. समजा, हिरव्या रेषांत मांजर होतं. लगेच पुढच्या चित्रात तेच मांजर लाल रंगात आलं, तर ते सांगायला लोकांना जास्त वेळ लागला. मांजराऐवजी कुत्रा आला, तरीही उशीर! म्हणजे टाळलेल्या चित्राचा नुसता आकार नाही, अर्थसुद्धा आत पोचला होता. हा उशीर सेकंदाच्या अगदी लहानशा अंशाचा, पण मला मानसशास्त्रातल्या सर्वांत सुंदर निष्कर्षांपैकी हा एक वाटतो.

असं का होतं? टिपर म्हणाले, नको असलेल्या गोष्टीला मन दाबून धरतं आणि तो दाब लगेच सुटत नाही. नील या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं : वस्तू पुन्हा दिसली की 'हिला उत्तर द्यायचं नाही' ही मघाची आठवणही सोबत येते आणि आडवी पडते. हा वाद अजून मिटलेला नाही.

घरी करून बघा. चार रंगांची स्केचपेनं घ्या. हिरव्या पेनने 'लाल' लिहा, त्याखाली लाल पेनने 'निळा', मग निळ्याने 'पिवळा'. शब्द न वाचता फक्त शाईचा रंग सांगायचा. इथे आत्ता टाळलेला शब्दच पुढचं उत्तर ठरतो. दुसऱ्या यादीत हा क्रम मोडा आणि दोन्हींना घड्याळ लावा.

टिपर यांनी अभ्यास मोजला नव्हता, हे खरं. तरीही माझं मत स्पष्ट आहे : दहावीच्या वर्षात अभ्यासाच्या वेळी टीव्ही बंद ठेवा, आणि तो घरातल्या सगळ्यांनीच बंद ठेवा.