प्रसंग कसा निवडावा

अगं, एचआरमध्ये रुजू होऊन महिना झाला नाही तोच ‘डायव्हर्सिटी ट्रेनिंग’ तुझ्या गळ्यात घातलं म्हणतेस. घाबरू नकोस. माझी उभी नोकरी कार्मिक विभागात गेली, म्हणून चार गोष्टी हक्कानं सांगते.

स्लाइड्स आवर. पडद्यावर ‘आपण सारे समान’ आलं की लोक माना डोलावतात आणि मोबाइल काढतात. त्यापेक्षा चर्चेला प्रसंग दे, आणि तोही छोटा. खलनायक पहिल्याच ओळीत कळला तर प्रसंग फुकट गेला, कारण समोर बसलेल्यांपैकी कुणीच स्वतःला खलनायक समजत नाही.

हा बघ एक. पँट्रीत एकीनं डब्यातली सुकट गरम केली. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर कागद चिकटलेला: ‘उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत.’ खाली सही नाही. आता ‘कोण चुकलं?’ असं विचारू नकोस, कोर्ट भरेल. ‘तो कागद तुम्ही वाचलात, ती शेजारी उभी आहे. तुम्ही काय बोलाल?’ असं विचार, आणि नेमकी वाक्यं बोलायला लाव. कुणीतरी म्हणेलच, “पण वास येतो हे खोटं आहे का?” त्याला गप्प करू नकोस. येतोच वास. मग लसणाच्या फोडणीचा, फणसाचा येत नाही का? त्यांवर कागद का लागला नाही? इथे खोली जरा शांत होते, होऊ दे. शेवटी त्यांच्याकडूनच नवा कागद लिहून घे: झाकण ठेवा, एक्झॉस्ट लावा, सांडलं तर पुसा. सगळ्यांना सारखा लागू.

दुसरा प्रसंग न दिसणाऱ्या गोष्टीचा दे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. त्यांत सिकलसेलही आहे, आणि आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडे तो आजार किती घरांत आहे हे पुण्या-मुंबईच्या ऑफिसात फारसं कुणाला ठाऊक नसतं. तिकडचा एक मुलगा एसीच्या झोताखालची जागा बदलून मागतो, मधूनच दोन दिवस अंगदुखीनं येत नाही. टीम म्हणते, नाटकी आहे. थंडीनं किंवा पाणी कमी पडल्यानं त्याच्या वेदना उसळू शकतात, हे आधी सांगू नकोस. चर्चा रंगली की सांग.

पात्रांना आडनावं देऊ नकोस. आपल्याकडे आडनाव वाचलं की माणसं मनातल्या मनात जात लावून मोकळी होतात. हां, नव्या मुलाला ‘आडनाव काय? गावात घर कुठल्या आळीत?’ असं खोदून विचारण्याचाच प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी.

खोलीत एकच मुसलमान किंवा एकच दलित सहकारी असेल तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणून त्याच्याकडे वळू नकोस. तो अकाउंट्स बघायला आलाय, समाजाचा वकील म्हणून नाही. डोळ्यांना पट्टी बांधून चालायला लावायचे खेळही नकोत. त्यातून पाच मिनिटांची कीव येते, बाकी काही नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. लैंगिक छळाची खरी तक्रार, नाव-गाव बदलूनसुद्धा, प्रसंग म्हणून वापरायची नाही. ऑफिसात ओळख पटायला एक खूण पुरते, आणि 2013 च्या कायद्यानं तक्रारीतला मजकूर गुप्त ठेवायचा असतो. सत्रातच कुणी स्वतःवर बेतलेलं सांगायला लागली तर चर्चा तिथेच थांबव, तिला बाजूला भेट. अंतर्गत समितीकडे लेखी तक्रारीची मुदत साधारण 3 महिन्यांची असते, तेही तिला सांग. अशा बाबतीत ‘दोन्ही बाजू’ गटात चघळायच्या नसतात.

गट पाच-सहा जणांचे कर, साहेब आणि त्यांच्या हाताखालचे वेगवेगळ्या गटांत. एका बैठकीत दोन प्रसंग पुष्कळ झाले. जेवणानंतरची वेळ घेऊ नकोस, अर्धे पेंगतात.

चहा शेवटी ठेव, आणि वही मिटून तिथेच रेंगाळ. गटात तोंड न उघडलेले तिथे बोलतात. साहेबांना तेवढ्या वेळापुरतं काहीतरी निमित्त काढून केबिनमध्ये धाड.