हरिणीचा खूर

हरीण हा मुळात पळणारा प्राणी आहे. कान टवकारायचे, क्षणभर स्तब्ध उभे राहायचे आणि झेप घेऊन दिसेनासे व्हायचे, हाच त्याचा बचाव. परंतु पश्चिम कॅनडातील डोंगराळ गावांत जून महिन्यात, म्हणजे पाडसे जन्मण्याच्या दिवसांत, हीच हरिणी कुत्र्यांवर चालून जाते. तेथील एका जातीला तिच्या खेचरासारख्या लांब कानांवरून ‘म्यूल डिअर’ म्हणतात. २०१० साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील क्रॅनब्रुक गावातील अशाच एका हरिणीचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. पाडसाच्या जवळ आलेल्या मांजराकडे ती सरसावली आणि तेवढ्यात तेथे आलेल्या कुत्र्यावर उलटून तिने त्याला पुढच्या खुरांनी तुडवले. बिचाऱ्या कुत्र्याचा काही अपराध नव्हता. पण हरिणीच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे लांडग्याचाच भाऊबंद.

तिची ही उग्रता समजण्यासाठी पाडसाची स्थिती पाहावी. पहिले काही आठवडे त्याला आईबरोबर धावता येत नाही. ते गवतात अंग चोरून निश्चल पडून राहते. पाठीवरचे पांढरे ठिपके त्याला उन्हा-सावलीत मिसळून टाकतात आणि त्याच्या अंगाला वासही फारसा येत नाही. आई मुद्दाम दूर चरते, कारण तिच्या वासाने शिकारी प्राणी पाडसापर्यंत पोहोचू शकतात. दूध पाजण्यापुरती ती येते आणि पुन्हा दूर होते. ज्याला आपण आईचे दूर जाणे समजतो, तो तिचा पहारा असतो.

कॅनडातील जीवशास्त्रज्ञ सुझन लिंगल व त्यांचे सहकारी टोबियास रीडे यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सील, मांजर, एवढेच काय मानवी बाळ यांच्या आक्रोशाचे ध्वनिमुद्रण हरिणींना ऐकवले. स्वराची पट्टी पाडसाच्या आवाजाच्या जवळपास असली की हरिणी त्या ध्वनिवर्धकाकडे धावत येत. परक्या जातीच्या पिलासाठीही!

सूरह ताहामध्ये (२०:५०) हजरत मूसा (अलै.) फिरऔनला आपल्या पालनकर्त्याची ओळख करून देतात ती अशी, की त्याने प्रत्येक वस्तूला तिची घडण दिली आणि मग मार्गही दाखविला. हरिणीला कोणी शाळेत शिकविले नाही. पळण्यासाठी मिळालेले पाय केव्हा रोखून धरायचे, हे तिला त्या मार्गदर्शनातूनच कळते.

बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत आलेली शंभर हिश्शांची हदीस आपल्या परिचयाची आहे. अल्लाहने रहमतीचे शंभर हिस्से केले, नव्याण्णव स्वतःपाशी ठेवले आणि एकच पृथ्वीवर उतरविला. त्या एका हिश्शामुळे सर्व सजीव परस्परांवर दया करतात. शिंगराला इजा होऊ नये म्हणून घोडीदेखील आपला खूर उचलून धरते. या हदीसीत खूर वर उचलला जातो, तर क्रॅनब्रुकमध्ये तो खाली आदळला. उगम मात्र एकच आहे. रहमत म्हणजे केवळ हळवेपणा, असा आपला समज असतो. दुबळ्याच्या रक्षणासाठी बलवानापुढे उभे राहणे हेही तिचेच रूप आहे. आणि हा सारा त्या एका हिश्श्याचा, असंख्य जीवांत वाटल्या गेलेल्या हिश्श्याचा, कणभर अंश!

हरिणीचा विषय निघाला की मौलूदच्या मजलिसींत सांगितली जाणारी एक कथा अनेकांना आठवेल. शिकाऱ्याने बांधलेली हरिणी पिलांना दूध पाजून परत येण्याची मुभा मागते, अशी ती कथा आहे. ती हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. परंतु हाफिज इब्ने कसीर यांच्यासारख्या विद्वानांनी तिला आधार नसल्याचे म्हटले आहे. प्रेषितांच्या (स.) नावाने काही सांगताना इतकी सावधगिरी हवीच. शिवाय आपल्याला अशा कथेची गरजही नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहात एका पक्षिणीचा प्रसंग आहे. प्रवासात काही सहाबांनी तिची दोन पिले उचलली, तेव्हा ती पंख फडफडवीत भोवती घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (स.) तिला कोणी दुखविले हे विचारले आणि पिले परत ठेवण्याची आज्ञा केली.

हा प्रसंग आपल्या गावांतही लागू पडतो. महाराष्ट्राच्या माळरानांवर काळविटाची मादी आपले पाडस असेच गवतात लपवून ठेवते. (शास्त्रज्ञ काळविटाला हरणांच्या कुळात धरत नाहीत, आपण धरतो.) एकटे दिसलेले पाडस ‘अनाथ’ समजून मुले उत्साहाने घरी आणतात. ते अनाथ नसते. मुलांना लांबूनच थांबवावे, सोबतचा कुत्रा साखळीने बांधावा आणि तेथून निघून जावे. पाडस खरोखर जखमी असेल तर वनखात्याला कळवावे.

इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये मक्केच्या वाटेवरील एक घटना नोंदलेली आहे. प्रेषित (स.) व सहाबा इहराममध्ये होते. वाटेत सावलीला एक हरीण अंग मुडपून पडले होते, त्याच्या शरीरात बाण रुतलेला होता. प्रेषितांनी (स.) एका माणसाला त्याच्यापाशी उभे राहण्यास सांगितले. सारा काफिला पुढे निघून जाईपर्यंत कोणी त्याला छेडू नये, एवढेच त्याचे काम होते.