टॅरंटुलाला भरवताना: मामाचे कानमंत्र

अगं बाळा, मेक्सिकन रेडनी टॅरंटुला घरी आणलीस, आता तिला खाऊ घालायची घाई होणार. म्हणून आधी एवढं पक्कं ध्यानात ठेव: चार दिवस उपाशी राहून टॅरंटुला दगावत नाही, पण तिच्या पेटीत विसरलेला जिवंत किडा तिचा जीव घेऊ शकतो. बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

किडा केवढा द्यायचा? तिच्या पोटापेक्षा, म्हणजे मागच्या गोल भागापेक्षा मोठा कधीच नाही. पिल्लू नखाएवढं असेल तर जिवंत शिकारीच्या नादी लागू नकोस. रातकिड्याची तंगडी किंवा मीलवर्म अळीचा तुकडा बिळाच्या तोंडाशी ठेव, ते येऊन खातं. पिल्लाला आठवड्यातून एक-दोनदा द्यावं. मोठीला आठ-पंधरा दिवसांनी एक-दोन रातकिडे पुरतात. मात्र कॅलेंडरपेक्षा पोटाकडे बघ. ते पुढच्या कवचाच्या दीडपट दिसायला लागलं की हात आखडता घे. पोट तट्ट फुगलेलं असताना ती काचेवरून खाली पडली, तर ते फुटतं आणि ती वाचत नाही.

बागेतले, रस्त्यावरचे किडे आणि घरातली झुरळं अजिबात द्यायची नाहीत. त्यांच्या अंगावर कुठली फवारणी झालीय, आपल्याला कळत नाही आणि कीटकनाशक कोळ्यालाही मारतं. दुकानातून पाळलेलेच किडे आण. आणल्यावर एक-दोन दिवस त्यांना गाजर, ओट्स खाऊ घाल. किड्याच्या पोटात जातं तेच पुढे तिला मिळतं. रातकिड्यांच्या डब्याला भरपूर भोकं पाड, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेव. पाण्याची वाटी ठेवलीस तर ते बुडून मरतात आणि डबा घाण मारतो. ओलाव्याला गाजराच्या चकत्या पुरेत. दुकानातली पाळलेली डुबिया झुरळं घेतलीस तर आणखी सोपं. ती ओरडत नाहीत, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाहीत. पण ती आणि मीलवर्म, दोन्ही संधी मिळताच मातीत घुसतात. म्हणून झुरळ चिमट्यानेच तिच्या पुढ्यात धर, मीलवर्मचं डोकं चेपून मगच दे.

खायला संध्याकाळी घाल, ती रात्रीची शिकारी आहे. लांब चिमटा वापर, बोटं कधीच आत घालायची नाहीत. डोळे आठ असले तरी तिला दिसतं बेताचंच. पायांवरच्या केसांना जमिनीची थरथर कळते, त्यावरच तिचा सगळा कारभार. रातकिडा तिच्यापासून दोन-चार बोटांवर सोड आणि स्वस्थ बघत राहा. आधी ती दगडासारखी निश्चल होते. किडा दोन पावलं चालला की पुढचा एक पाय किंचित सरकतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो तिच्या सुळ्यांत असतो. मग ती घास धरून गोल गोल फिरत जमिनीवर रेशमाची चटई विणते. घास गिळत नाही; पाचक रस सोडून त्याचा रस्सा करते आणि शोषून घेते. मागे उरते एक चिकट गोळी. ती दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढ, नाहीतर बुरशी धरते, बारीक किडे होतात. न खाल्लेला किडाही चोवीस तासांच्या आत बाहेर.

तिने पुढचे पाय उचलून सुळे दाखवले तर झाकण लावून निघून ये. मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडायला लागली तरी तेच कर. ते केस डोळ्यांत गेले तर फार त्रास देतात. पेटीतलं काम झालं की आधी हात धू, मग तोंडाला लाव.

अचानक खाणं सोडलं, पोट काळपट-चकचकीत झालं, तर ती कात टाकणार. तेव्हापासून किडा बंद. कात टाकताना ती उताणी पडते. मेली समजून हलवू नकोस, सरळ करू नकोस. त्या वेळी अंग लोण्यासारखं मऊ असतं आणि साधा रातकिडाही तिला कुरतडून मारू शकतो. नंतर सुळे आधी पांढरे, मग लालसर आणि शेवटी काळे होतात. काळे झाल्याशिवाय खायला द्यायचं नाही. मोठीला दहा-पंधरा दिवस थांबायला लागतं, पिल्लाला चार-पाच.

या सगळ्या काळात पाण्याची बशी मात्र भरलेली हवी. कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने ताठ होतात. पाणी कमी पडलं की ते पोटाखाली दुमडायला लागतात. तसं दिसलं तर किड्याचा विचार बाजूला ठेव, आधी पाणी पाज.

एक वही कर. कधी खाल्लं, कधी नाकारलं, कात कधी टाकली, एवढंच लिही. या जातीची मादी वीस वर्षांहून अधिक जगते; तू नोकरीला लागशील, घर बदलशील, तरी ती तुझ्यासोबत असेल. पुढे तिने दोन महिने तोंड फिरवलं, तर घाबरून किडा टाकण्याआधी वहीतलं मागचं पान वाच. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.