सत्याची कसोटी

पवनेच्या काठी वसलेल्या पिंपळे सौदागरपासून भोसरीची औद्योगिक वसाहत फार दूर नाही. तेथील कारखान्यांत जाड पोलादी पत्रे कापण्यासाठी डोळे दिपवून टाकणारी एक ज्योत वापरतात. तिला ‘प्लाझ्मा’ म्हणतात. वायू अतिशय तापला म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युत्भारित कणांचा खवळलेला समुदाय तयार होतो. हाच प्लाझ्मा होय. आकाशात चमकणारी वीज प्लाझ्माच आहे; सूर्य आणि तारे हे तर प्लाझ्माचे प्रचंड गोळे आहेत.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची केंद्रके एकमेकांत मिळून हेलियम तयार होतो व त्यातून अपार उष्णता बाहेर पडते. या क्रियेला ‘संमीलन’ म्हणतात. ही क्रिया पृथ्वीवर आपल्या ताब्यात ठेवून घडविता आली, तर मानवाला शक्तीची वाण कधी पडणार नाही. १९५५ साली जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईचे डॉ. होमी भाभा तिचे अध्यक्ष होते. येत्या वीस वर्षांत संमीलनाची शक्ती नियंत्रित रीतीने मिळविण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी त्या वेळी केले. त्यांचे भाषण चालू होते, तेव्हा मॉस्कोत एक शास्त्रज्ञ चार वर्षांपासून गुप्तपणे याच कामात गढून गेले होते. त्यांचे नाव लेव्ह आंद्रेयेविच आर्त्सिमोविच.

आर्त्सिमोविच यांचा जन्म १९०९ साली मॉस्कोत झाला. १९२८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मिन्स्कच्या विद्यापीठातून ते पदवीधर झाले. पुढे लेनिनग्राडच्या प्रसिद्ध भौतिकी संस्थेत त्यांनी संशोधनाचे धडे घेतले. १९५१ पासून सोव्हिएत देशातील संमीलनाच्या प्रयोगांची धुरा त्यांच्याकडे आली.

काम मोठे कठीण होते. संमीलनासाठी वायू दहा कोटी अंशांहून अधिक तापवावा लागतो. एवढी उष्णता कोणते भांडे सोसणार? भांड्याच्या भिंतीला स्पर्श होताच प्लाझ्मा निवतो आणि भिंतीचीही हानी होते. म्हणून चुंबकाच्या अदृश्य बळाने तो भिंतीपासून दूर, अधांतरी धरून ठेवावा लागतो. परंतु प्लाझ्मा मोठा चंचल! तो वळवळतो, पिळवटतो आणि क्षणात निसटतो.

१९५२ मध्ये एक विलक्षण घटना घडली. जड हायड्रोजन वायूतून विजेचा प्रबळ प्रवाह सोडला असता न्यूट्रॉन कण बाहेर पडले. संमीलन झाले की असे कण निघतात, हे सर्वांना ठाऊक होते. प्रयोगशाळेत आनंदाला उधाण आले. पण आर्त्सिमोविच आणि त्यांचे सहकारी तेवढ्यावर थांबले नाहीत. हे न्यूट्रॉन खरोखर उष्णतेमुळेच आले काय, हे त्यांनी कसून तपासले. उत्तर निराशाजनक निघाले. अस्थिर झालेल्या प्लाझ्मात थोड्याच कणांना विजेचा जोराचा धक्का बसला होता व त्यांच्या टकरीतून न्यूट्रॉन निघाले होते. एकंदर वायू पुरेसा तापलाच नव्हता. हाती आलेले यश त्यांनी स्वतःच नाकारले. १९५६ मध्ये कुर्चातोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील हार्वेल येथे हे सारे उघडपणे सांगितले. तरीही पुढे दोनच वर्षांनी त्याच हार्वेल येथील शास्त्रज्ञांनी अशाच न्यूट्रॉनांवरून यशाची वार्ता घाईने जाहीर केली आणि काही महिन्यांत त्यांना ती मागे घ्यावी लागली.

रशियन शास्त्रज्ञांनी पुढे कंकणाकृती पोकळीत प्लाझ्मा कोंडणारे यंत्र बनविले. त्याला ‘टोकामॅक’ म्हणतात. १९६८ साली नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत आर्त्सिमोविच यांनी सांगितले की, ‘टी-३’ या टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंश तापमान साधले आहे. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा यावर विश्वास बसेना. त्या काळी रशिया व पाश्चात्त्य राष्ट्रे यांच्यात वैर होते. तथापि आर्त्सिमोविच रागावले नाहीत. ‘तुम्हीच येऊन मोजा’, असे निमंत्रण त्यांनी इंग्रज शास्त्रज्ञांना दिले.

१९६९ मध्ये इंग्रजांचे पथक सुमारे पाच टन उपकरणे घेऊन मॉस्कोस आले. कासारवाडी स्थानकावरून न थांबता धावणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर, गाडी जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो. त्याचप्रमाणे वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो. प्लाझ्मा जितका तप्त, तितके इलेक्ट्रॉन वेगवान आणि तितका हा बदल मोठा. पथकाने लेसरचा प्रकाश प्लाझ्मात सोडून हा बदल मोजला. आर्त्सिमोविच यांचे म्हणणे खरे ठरले! लवकरच अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील शास्त्रज्ञांनी आपले जुने यंत्र बदलून त्याचे टोकामॅक केले.

१९७३ साली आर्त्सिमोविच निवर्तले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिले आहे. भारतातही १९८९ मध्ये गांधीनगरजवळ ‘आदित्य’ नावाचे टोकामॅक सुरू झाले. डॉ. भाभांनी सांगितलेली वीस वर्षे केव्हाच उलटली. संमीलनाच्या विजेचा दिवा अद्याप कोणाच्या घरात लागलेला नाही. परंतु या वाटेवर आज जे पाऊल पडते, ते भक्कम भूमीवर पडते. याचे कारण, खोटे यश नाकारण्याचे धैर्य आणि खरे यश प्रतिस्पर्ध्याच्या कसोटीला लावण्याचे औदार्य आर्त्सिमोविच यांनी दाखविले.

शब्दार्थ

वाण – उणीव, टंचाई. धुरा – जबाबदारी. अधांतरी – आधाराशिवाय. निवर्तणे – मरण पावणे.

प्रश्न

१. प्लाझ्मा भांड्यात ठेवता येत नाही, याचे कारण काय?
२. १९५२ मधील यश आर्त्सिमोविच यांनी का नाकारले?
३. आर्त्सिमोविच यांनी इंग्रज शास्त्रज्ञांना निमंत्रण दिले, यावरून त्यांचे कोणते गुण दिसतात?
४. वाक्यात उपयोग करा : गढून जाणे, आनंदाला उधाण येणे, कसोटीला लावणे.