एक डॉक, चार लॅपटॉप

राजेहो, ही आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टची गोष्ट. वाचून हसाल, पण उद्या तुमच्याही रूमवर हेच होऊ शकतं.

आम्ही चौघे अमरावतीच्या होस्टेलवर. रूममध्ये दोन मॉनिटर, एक लॅनची वायर, आणि रोज कोणाची तरी वायर उपटून आपली लावायची भांडणं. शेवटी सारखी वर्गणी काढली आणि अकोल्याच्या एका दुकानातून डॉकिंग स्टेशन आणलं. एकच यूएसबी-सी वायर लावायची की मॉनिटर, लॅन, पेनड्राइव्ह, चार्जिंग सगळं सुरू. दुकानदार म्हणाला, "सगळ्यावर चालते भाऊ."

पहिल्या लॅपटॉपवर खरंच चाललं. दुसरा एम-१ चिपचा मॅकबुक एअर, त्यावर दोन्ही मॉनिटरला एकच चित्र. तिसऱ्यावर पेनड्राइव्ह दिसे, पण मॉनिटर काळे. चौथ्या जुन्या लॅपटॉपला सी पोर्टच नव्हता. तिसरा म्हणाला, "काहून बे, पैसे तं मीही तेवढेच देल्ले ना?"

परीक्षा संपल्यावर डॉक परत करायला बडनेऱ्याहून रेल्वेने निघालो. वाटेत मूर्तिजापूर लागलं. इथून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी शकुंतला आता बंद आहे. तिचा रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचा, मोठ्या गाडीचा १६७६. स्टेशन एकच, पण डबा इकडचा तिकडे जात नसे. माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपण पोर्टचं तोंड पाहिलं, आतला रूळ पाहिलाच नाही! अकोल्यात परत करायची मुदत संपली होती. डॉक घेऊन तसेच परत आलो. त्यानंतर अभ्यास केला, तो असा:

१) पोर्ट ओळखा. २०१४ साली आलेला यूएसबी-सी हा फक्त आकार आहे. त्यातून नुसता डेटा जातो, की चित्र आणि चार्जिंगही, हे लॅपटॉप बनवणाऱ्यावर असतं. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'थंडरबोल्ट' हा शब्द शोधा. तो नसेल तर साध्या डॉकवर मॉनिटर लागणार नाही.

२) डॉकची जात पाहा. एका वायरीतून दोन वेगळी चित्रं पाठवायला बरेच डॉक एमएसटी ही पद्धत वापरतात. विंडोजवर ती चालते. मॅकवर मात्र दोन्हीकडे तेच चित्र येतं. शिवाय साधी एम-१ चिप असलेला एअर स्वतःहून एकच बाहेरचा मॉनिटर चालवतो. काही थंडरबोल्ट डॉक साध्या सी पोर्टवर सुरूच होत नाहीत. वेगवेगळ्या लॅपटॉपसाठी डिस्प्लेलिंक चिपचा डॉक बरा. तो नुसत्या डेटावर, जुन्या चौकोनी यूएसबी ३.० पोर्टवरही चित्र देतो. पण आधी ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर थोडा भार येतो आणि गेमसाठी तो कामाचा नाही. चौकोनी पोर्टवरून लॅपटॉप चार्जही होत नाही.

३) वॅट मोजा. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ लिहिलं असेल तर डॉकने तेवढे लॅपटॉपला दिले पाहिजेत. खोक्यावरच्या १०० पैकी काही डॉक स्वतःच खातो. साधी सी वायर ६० वॅटपर्यंतच. त्यावर ५ अँपिअरची वायर लागते. गेमिंग लॅपटॉपला त्याचाच चार्जर लावा.

४) घ्यायच्या आधी तपासा. सगळे लॅपटॉप दुकानात न्या. दोन्ही स्क्रीन, लॅन आणि पेनड्राइव्हची कॉपी एकाच वेळी चालवा. लॅपटॉप झोपवून उठवा, मॉनिटर परत येतात का पाहा. पक्कं बिल घ्या, परतीची मुदत लिहून घ्या. आणि आपल्या वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात डॉक गादीवर ठेवू नका, तो तापतो.

परीक्षेच्या दिवशी काय झालं, ते सांगायचं राहिलं. सिम्युलेशन तिसऱ्याच्या लॅपटॉपवर होतं. आमचं काम मोठ्या स्क्रीनवर दिसलं. त्याने आपला चौदा इंची लॅपटॉप उचलून परीक्षकांपुढे धरला. वर्गणी त्याचीही तेवढीच होती.

म्हणून एकच सांगणं. डॉक घेताना सगळ्यात भारी लॅपटॉप पाहू नका. ज्याचा पोर्ट सगळ्यात कमजोर, त्याला सोबत घेऊन दुकानात जा. त्याच्यावर चाललं, तरच पैसे द्या.